मानदुखी 'कमी झाली' असं कधी लिहावं?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत मानदुखीचे पेशंट पाहणारे सर्व फिजिओथेरपिस्ट,
तसेच इथल्या फिजिओथेरपी कॉलेजांमधले शिक्षक आणि इंटर्न यांस,

स. न. वि. वि.

कुठल्याही ओपीडीत मानदुखीचा केसपेपर उघडा. पहिल्या दिवशीची नोंद असते, 'दुखणं ७/१०'. पाच सिटिंग झाल्यावर खाली दुसरी नोंद येते, '६/१०. सुधारणा आहे. चालू ठेवावे.' पेशंट आणखी पाच सिटिंगचे पैसे भरतो आणि निघतो. साताचे सहा झाले म्हणजे त्या माणसाचं नेमकं काय बदललं, हे त्या कागदावर कुठेच नसतं. बहुतेकदा ते कोणी विचारलेलंही नसतं.

मी नवी मुंबईत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधली मुलंमुली येतात, तसेच तुर्भ्याच्या बाजार समितीतले माथाडीही येतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे थोड्याफार फरकाने हेच पेशंट असतील. तुम्हा सर्वांना माझी एकच विनंती आहे. किती फरक पडला की त्याला फरक म्हणायचं, हे उपचार सुरू करण्याआधी पेशंटला विचारून लिहून ठेवा, आणि मोजमापाच्या चुकीत बसेल एवढ्या बदलाला सुधारणा म्हणू नका.

हा प्रश्न पैशाचा आहे म्हणूनही तातडीचा आहे. ओपीडीतल्या फिजिओथेरपीचा खर्च मेडिक्लेममधून सहसा मिळत नाही, तो खिशातूनच जातो. माथाडी सिटिंगला आला की त्याचं तेवढं काम बुडतं. डोंबिवलीहून ठाण्याला, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जाणारी मुलगी सिटिंगसाठी ऑफिसातून लवकर निघते आणि ते तास नंतर घरून भरून काढते, पुन्हा त्याच लॅपटॉपपुढे मान घालून. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे. त्यांतले आपल्या वाट्याला आलेले लोक आपल्यावर विश्वास टाकून वेळ आणि पैसा देतात. त्यांना खरा हिशेब मिळायला हवा.

आता आकड्यांकडे येते, कारण या आकड्यांची माहिती उपलब्ध असूनही ती आपल्या ओपीडीपर्यंत क्वचितच पोचते.

शून्य ते दहाची पट्टी आपण सगळे वापरतो. साध्या मानदुखीच्या, म्हणजे हाताकडे कळ न जाणाऱ्या १३७ पेशंटांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन वेगवेगळे आकडे निघाले. पेशंटला 'बरं वाटतंय' असं म्हणावंसं वाटायला या पट्टीवर १.३ गुणांची घट पुरली. पण हा बदल खरा आहे, मोजण्यातली नुसती हलचल नाही, अशी खात्री देता येण्यासाठी मात्र २.१ गुणांची घट लागली. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, हे नीट लक्षात घ्या. दाणा बाजारातला वजनकाटा दोन किलो इकडेतिकडे होत असेल, तर दीड किलोच्या फरकावरून कोणी भांडत नाही. एकाच पेशंटचं दुखणं सातावरून सहावर आलं, तर मधल्या काळात काहीच घडलं नसण्याची शक्यताही धरून चालायला हवी. १.३ हा आकडा अख्ख्या गटाच्या माहितीतून आलेला आहे. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल निर्णय घ्यायला तो एकटा पुरत नाही.

हा १.३ काढला कसा, तेही समजून घेण्यासारखं आहे. अशा अभ्यासांत पेशंटला काही दिवसांनी विचारतात, सुरुवातीच्या मानाने आता कसं आहे? उत्तरासाठी उणे सातपासून अधिक सातपर्यंतची पट्टी असते. जे लोक ठरावीक पातळीच्या वर 'सुधारलो' म्हणतात, त्यांच्या दुखण्याचा आकडा किती उतरला हे पाहून सीमारेषा ठरते. म्हणजे सगळा डोलारा पेशंटच्या आठवणीवर उभा आहे. आणि महिन्यापूर्वी किती दुखत होतं हे कोणाला नीट आठवत नाही. आज बरं वाटत असलं की तेव्हा फार दुखत होतं असं वाटतं, आज मान आखडली असली की काहीच फरक पडला नाही असं वाटतं. म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आकडे येतात, आणि म्हणूनच त्यांतला एखादा उचलून देवासारखा पुजण्यात अर्थ नाही.

मानेतली नस दबून हातात कळ किंवा मुंग्या येणाऱ्या पेशंटचं गणित आणखी निराळं आहे. २०१० च्या एका अभ्यासात अशा पेशंटना जाणवणाऱ्या बदलाची सीमा २.२ निघाली आणि खात्रीची सीमा ४.१. दहाच्या पट्टीवर चार! त्यांचं दुखणं मुळातच दिवसागणिक वरखाली होतं. अशा पेशंटच्या केसपेपरवर 'आठाचे सहा, उत्तम प्रगती' असं लिहिताना आपण कशाच्या जोरावर लिहितो?

गुण आणि टक्के यांचाही घोळ आहे. नवाचे सात झाले आणि चाराचे दोन झाले, दोन्हीकडे दोनच गुण उतरले. पण पहिल्याचं दुखणं पाव हिस्साही हललेलं नाही आणि दुसऱ्याचं निम्मं गेलं. २००१ मध्ये दहा औषध-चाचण्यांमधल्या २७२४ पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात कंबरदुखी होती, संधिवात होता, मधुमेहातलं नसांचं दुखणं होतं, नागिणीनंतरचं दुखणं होतं; मानदुखी मात्र नव्हती. तिथे पेशंटला पटेल असा बदल सुमारे दोन गुण किंवा सुमारे ३० टक्के निघाला, आणि सुरुवातीचं दुखणं कमी-जास्त असलं तरी टक्केवारी जास्त टिकून राहिली. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने जुनाट दुखण्यासाठी साधारण पायऱ्या सुचवल्या: १० ते २० टक्के म्हणजे जेमतेम, ३० टक्क्यांपासून मध्यम, ५० टक्क्यांपासून भरीव.

हे वाचताना मला आमच्या माथाड्यांची भाषा आठवते. दहापैकी किती, असं विचारलं की त्यांच्यातले बरेचजण गोंधळतात. दाणा बाजारातले एक काका पहिल्या दिवशी बाकड्याच्या कडेवर बसले होते. दारातून कोणी आत आलं की मान न वळवता कमरेपासून अख्खं अंग वळवून बघायचे. आकडा विचारला तर म्हणाले, "आता ह्याचा नंबर कसा सांगू, म्याडम? तुम्हीच टाका काय ते." काही दिवसांनी तेच आपणहून म्हणाले, "सहा आणे फरक हाय बगा." सोळा आण्यांतले सहा म्हणजे साडेसदतीस टक्के. शाळेत टक्केवारी न शिकलेल्या माणसाने मला टक्केवारीत उत्तर दिलं होतं, आणि तेही ३० टक्क्यांची सीमा ओलांडणारं. चार आणे फरक, आठ आणे फरक, बारा आणे फरक हे आपण रोज ऐकतो. ते हसून सोडून देऊ नका, जसंच्या तसं लिहून ठेवा. दहाच्या पट्टीशेजारी आण्यांची नोंद असली की दोन्ही जुळतात की नाही हे ताबडतोब दिसतं. पाच आण्यांच्या खाली पेशंट असेल आणि आपण 'चांगली सुधारणा' लिहिणार असू, तर हात थांबायला हवा.

या काकांची खरी अडचण आकड्यात नव्हतीच. पोतं पाठीवर घेऊन मान खाली घालून ते चालू शकत होते. पण वरच्या थप्पीवरून पोतं घेताना वर बघायला लागतं, तिथे मान अडत होती, आणि वर न बघता पोतं घेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. हे कळायला मला एकच प्रश्न विचारावा लागला: मानेमुळे कोणतं काम अडलंय?

मानेसाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे नेक डिसॅबिलिटी इंडेक्स. कॅनडातल्या हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायर यांनी ती १९९१ मध्ये मांडली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण ५० गुण. दुखण्याची तीव्रता, स्वतःचं आवरणं, ओझं उचलणं, वाचन, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप आणि विरंगुळा. चांगलं साधन आहे, मी वापरते. यातही लोकांना जाणवणारा बदल काही अभ्यासांत ५० पैकी साडेसातपासून साडेनऊपर्यंत निघालेला आहे, आणि खात्रीची सीमा दहाच्या आसपास. म्हणजे २२ वरून १९ वर आलेल्या पेशंटला 'स्कोअर सुधारला' म्हणून टाळी द्यायची नसते.

पण आपल्या पेशंटसमोर ही प्रश्नावली ठेवली की गाडी चालवण्याचा प्रश्न कोरा राहतो. वाचनाचाही अनेकदा राहतो. माथाडी गाडी चालवत नाही. दिव्याहून सकाळी लोकल पकडणारी बाई गाडी चालवत नाही. तिची मान अडते ती गर्दीत वरची कडी धरून उभं राहताना, आणि घरी कट्ट्यावर पोळ्या लाटताना. घोडबंदर रोडवरून स्कूटर चालवणाऱ्याला मात्र तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक खड्डा त्याच्या मानेत पोचतो आणि मागची गाडी बघायला मान वळत नाही. कोरे प्रश्न सोडून उरलेल्यांवरून टक्केवारी काढायची सोय आहे, ती वापरावी. मात्र जो प्रश्न त्या माणसाच्या पोटापाण्याचा आहे, तो या यादीत नसला तर आपण तो जोडायलाच हवा.

त्यासाठी १९९५ पासून एक अगदी सोपी पद्धत उपलब्ध आहे. पेशंटनेच अडलेली तीन कामं सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. पुढच्या वेळी तीच तीन कामं पुन्हा विचारायची. दबलेल्या नसेच्या पेशंटमध्ये या पट्टीवर सुमारे दोन गुणांचा बदल त्यांना जाणवतो असं आढळलं आहे. काकांच्या केसपेपरवर मी तीन ओळी लिहिल्या: वरच्या थप्पीवरून पोतं घेणं, रात्री कूस बदलणं, मागून हाक आली की वळून बघणं. यंत्रांची नावं आणि मिनिटं यांनी भरलेल्या त्या कागदावर या तीन ओळींइतकं उपयोगाचं दुसरं काही नव्हतं.

मोजण्याच्या रीतीबद्दलही बोलायला हवं, कारण निम्मा घोटाळा इथे होतो. शेक घेऊन, आयएफटी (दुखण्यावर सौम्य विजेचा प्रवाह देणारं यंत्र) लावून झाल्यावर, मान अजून गरम असतानाच "आता किती?" असं विचारायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्या क्षणाचा आकडा कमीच येणार. तो पुढच्या सकाळपर्यंत टिकला का, हा खरा प्रश्न. पहिली नोंद संध्याकाळी सातला, दिवसभर स्क्रीनपुढे बसून आलेल्या पेशंटची, आणि दुसरी शनिवारी सकाळी आरामात आलेल्या त्याच पेशंटची, अशी तुलना करून काही कळत नाही. त्याने गोळी घेऊन उत्तर दिलं की न घेता, हेही लिहिलेलं नसतं. मी आता तीन आकडे घेते: आत्ताचं दुखणं, गेल्या चोवीस तासांतलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त. त्यांची सरासरी काढते, आणि शक्यतो दर वेळी उपचाराआधीच विचारते. शेजारी वेळ आणि गोळी.

आणि आपल्या पेशंटचा भिडस्तपणा! आपण कोट घालून समोर उभे, आपुलकीने विचारतोय, "काय, बरंय ना आता?" यावर "नाही" म्हणणारा पेशंट आपल्याकडे विरळा. "हो, हो, पुष्कळ बरंय मॅडम," म्हणून तो निघतो आणि पुन्हा येत नाही, आणि आपण ते बरं झालेल्यांत धरतो. म्हणून प्रश्न उपचार करणाऱ्याने विचारू नये, निदान तोंडी तरी विचारू नये. बाहेर बसलेला असतानाच छापील चिठ्ठी द्यावी, वाचता येत नसेल तर इंटर्नने विचारावं, आणि मागचा आकडा आधी दाखवू नये. प्रश्न विचारताना 'बरं' हा शब्द आपल्या तोंडून न आलेलाच बरा.

आणखी एका गोष्टीचं श्रेय आपण चटकन घेतो. मानदुखी वरखाली होते आणि माणूस आपल्याकडे येतो तो ती सगळ्यात वर असताना. तिथून ती थोडीफार आपोआपही उतरते. आपण काहीही केलं नसतं तरी सातचे सहा झाले असते, अशी शक्यता प्रत्येक केसमध्ये असते. यामुळे आपलं काम कमी ठरत नाही, पण एक गुण उतरला की लगेच त्या यंत्राला किंवा त्या तंत्राला श्रेय देऊ नये.

उलट बाजूही सांगून ठेवते, ती थोडक्यात पण गंभीरपणे. दुखण्याचा आकडा उतरला तरी पेशंट सुधारला असं नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा बदलला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो, आणि त्यात मान फारशी दुखेलच असं नाही. असा पेशंट दोन गुणांनी 'सुधारलेला' दिसत असला तरी त्याला त्याच दिवशी तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवा.

१९८९ मध्ये कॅनडातल्या येश्के, सिंगर आणि गायट यांनी अर्थपूर्ण बदलाची जी व्याख्या केली, तिच्यात एक गोष्ट होती जी नंतर आकड्यांच्या गर्दीत मागे पडली. पेशंटला फायद्याचा वाटेल असा सगळ्यात लहान बदल, आणि त्रास किंवा अवाजवी खर्च आड येत नसेल तर ज्यामुळे उपचाराची दिशा बदलावी असा बदल, असं त्यांनी म्हटलं होतं. खर्च व्याख्येतच होता. ज्याला दहा सिटिंगसाठी दहा वेळा काम सोडावं लागतं त्याला दोन गुणांचा फरक परवडणारा नसेल, आणि ज्याला घरी रोज दहा मिनिटं व्यायाम करायचा आहे त्याला एक गुणही पुरेल. त्यामुळे पहिल्या दिवशीच विचारावं: "एवढा वेळ आणि एवढे पैसे जाणार आहेत. किती फरक पडला तर तुम्हाला हे वसूल झालं असं वाटेल?" लोक विचार करून उत्तर देतात. एका अकाउंटंट मुलीने मला सांगितलं, "मार्चअखेरचं काम डोकं न धरता संपवता आलं तर बास." आमचं उद्दिष्ट तेच झालं, आणि ते गाठलं की नाही यावर आमच्या दोघींत कधी वाद झाला नाही.

तुमच्यातले काहीजण म्हणतील की ओपीडीत रांग लागलेली असते, एवढं विचारायला वेळ कुठे आहे. तीन कामं, तीन आकडे आणि आणे, हे सगळं चिठ्ठीवर बाहेरच भरून येतं. आत आल्यावर वाचायला मिनिटही लागत नाही. ज्या पेशंटला फरक पडतच नाही हे तिसऱ्या-चौथ्या सिटिंगला कळलं, त्याच्यावरचे पुढचे तास वाचतात, शिवाय त्याला दुसरा मार्ग वेळेत सापडतो. दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ विकणाऱ्यांना ही नोंद गैरसोयीची वाटेल. तरीही ती ठेवायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेजांतल्या शिक्षकांना वेगळी विनंती. नेरूळपासून कामोठ्यापर्यंत आणि पलीकडे ठाणे-कळव्यापर्यंत दर वर्षी किती विद्यार्थी प्रबंध लिहितात! मी वर दिलेले मानेचे आकडे परदेशातल्या पेशंटांचे आहेत. ओझं वाहणाऱ्या, लोकलमध्ये उभं राहून दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या, आण्यांत हिशेब सांगणाऱ्या आपल्या माणसांत ही सीमा कुठे पडते, हे आपल्या बाजार समितीत आणि आपल्या ओपीडीत बसून शोधता येईल. कंबरदुखीसाठीच्या ओस्वेस्ट्री प्रश्नावलीचं मराठी रूप तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे अशी कामं इथे होऊ शकतात. दोन मशीनची तुलना करणारा आणखी एक प्रबंध करण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याला हा विषय द्या. माझ्याकडे येणारे माथाडी अशा अभ्यासाला तयार होतील का, हे त्यांना विचारायची जबाबदारी मी घेते.

मी वापरत असलेली चिठ्ठी मराठीत आहे, एका पानाची आहे, आणि ज्यांना हवी त्यांना मी देईन. त्यात 'अडलेली कामं' या रकान्याखाली पेशंटला सुचावं म्हणून काही उदाहरणं छापली आहेत: पोतं घेणं, कडी धरून उभं राहणं, स्कूटरवर मागे वळून बघणं, पोळ्या लाटणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, उशीवर डोकं टेकणं. भाजी बाजारातल्या बायकांची, रिक्षावाल्यांची आणि शिवणकाम करणाऱ्यांची कामं त्यात अजून नाहीत. तुमच्या पेशंटांनी सांगितलेली कामं मला कळवा; पुढच्या छपाईत ती घालते.

आपली,
नवी मुंबईतली एक फिजिओथेरपिस्ट